वाढते गाव आणि त्याचा नकाशा
(जमिनीच्या नियोजनात रहिवाशांचा वाटा)

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी अभ्यासपूर्ण, परंतु घरातील सर्वांना समजेल असे लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी शाळेत भूगोल शिकवितो. त्यामुळे नकाशा हा माझ्या रोजच्या हाताखालचा विषय. वर्गात टांगलेल्या जगाच्या नकाशावर ब्राझील आणि जपान बिनचूक दाखविणाऱ्या मुलाला आपल्या गावचा व्हाळ कोठे उगम पावतो असे विचारले, तर तो गप्प राहतो. मुलांचे एक वेळ सोडा. मोठ्यांची स्थितीही फारशी निराळी नसते. आणि आपल्याच गावाचा नकाशा दूरच्या एखाद्या कचेरीत तयार होऊन त्यावर रंग चढतात, तेव्हा कोणता रंग कोणाच्या अंगणावर पडला हे आपल्याला फार उशिरा कळते. म्हणून या लेखात वाढत्या गावाच्या जमिनीचे नियोजन म्हणजे काय, ते रहिवाशांनी कसे करावयाचे, आणि आमच्या गावात ते करताना माझ्याच हातून कोणती चूक झाली, हे क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

१. जमीन कशाकशाला लागते?

गावाला जमीन अनेक कामांसाठी हवी असते. राहावयास हवी, पिकवावयास हवी, पाणी मुरावयास व वाहून जावयास हवी. जाण्यायेण्यास वाट हवी, गुरांना कुरण हवे, मुलांना खेळावयास मैदान हवे, शाळा, दवाखाना व बाजार यांना जागा हवी. देवळाला, मशिदीला, चर्चला हवी. आणि शेवटी ज्या मातीतून आलो त्या मातीत मिळावयासही चार हात जागा हवीच. कोणत्या जागेचा उपयोग कोणत्या कामासाठी करावयाचा हे आगाऊ विचार करून ठरविणे, यालाच जमिनीच्या वापराचे नियोजन म्हणतात.

हे काम अगदी नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या गोव्यातील कोणतेही जुने गाव पाहावे. सर्वांत वर कातळाचा सडा, त्याखाली झाडीचा उतार, उताराच्या पायथ्याशी झर व तिच्या पाण्यावर पोसलेले कुळागर, त्याच्या कडेला वस्ती, वस्तीखाली भातशेत, आणि अगदी खाली खाडीच्या काठाला बांध घालून राखलेले खाजन. एका पायरीचे पाणी दुसऱ्या पायरीला मिळावे, अशी ही रचना आहे. घरे बहुधा अशा जागी बांधलेली आढळतील, की जेथे पाणी जवळ आहे, परंतु पुराचे भय नाही आणि चांगली पिकाऊ जमीनही अडत नाही. ही रचना करणाऱ्यांनी कागदावर रेघ ओढली नव्हती. परंतु नकाशा त्यांच्या डोक्यात होता.

सड्याचेच उदाहरण घेऊ. दिसावयास तो उजाड. तेथे काही पिकत नाही, म्हणून ‘पडीक’ असे लिहून आपण मोकळे होतो. आता थोडे गणित करू. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर, म्हणजे तीन मीटर पाऊस पडतो. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टर सड्यावर वर्षाकाठी तीस हजार घनमीटर, म्हणजेच तीन कोटी लिटर पाणी पडते. त्यातील काही वाहून जाते, काही उडून जाते, आणि काही कातळाच्या भेगांतून मुरून उन्हाळ्यात खालच्या झरीला व विहिरींना येते. त्या सड्यावर काँक्रीट पसरले, की मुरणारे पाणी वाहू लागते. पावसाळ्यात खालच्या घरांत शिरते आणि चैत्रात विहिरीचा तळ दिसतो. म्हणजे जमीन एकाची असली, तरी तिच्या वापराचा परिणाम अनेकांवर होतो. नियोजनात सर्वांनी बसावयाचे ते याच कारणासाठी.

२. जुनी गावकरी आणि तिची मर्यादा

गोव्यात पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावकरी नावाची संस्था होती. गावची जमीन गावकरांनी सामाईक राखावयाची, शेतांची पावणी करून ती ठरावीक मुदतीने कसावयास द्यावयाची, त्या उत्पन्नातून बांध, तळी, वाटा व देवस्थाने यांचा खर्च भागवावयाचा, आणि उरलेले जोण म्हणून वाटून घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. पोर्तुगीज सरकारने १५२६ सालच्या सनदेत या रीतिरिवाजांची नोंद केली आणि पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव रूढ झाले.

खाजन जमिनी हे या व्यवस्थेचे मोठे काम होय. बांधामध्ये लाकडी दारांची जी मानस असते, तिची दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. खारे पाणी बाहेर राहते, आतले पावसाचे पाणी निघून जाते, आणि कोरगुटासारखे खारटाण सोसणारे भात तेथे पिकते. परंतु बांध एका जागी फुटला, की शेत एकाचे बुडत नाही, सगळ्यांचे बुडते. म्हणून बांधाची राखण एकट्यादुकट्याची नव्हे, सर्वांची असे.

या संस्थेचे गुण गाताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या बैठकीत सगळे गाव बसत नव्हते. गावकर घराण्यांतील पुरुष बसत. कसणारे कूळ, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार, बाहेरून येऊन स्थायिक झालेला कारागीर, आणि कोणत्याही घरातील स्त्री, यांना तेथे शब्द नव्हता. स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६१ नंतर, हे चित्र पालटले. १९६४ च्या कूळ कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी कुळांना आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकारांना संरक्षण मिळाले. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली गोव्यात नवा पंचायत राज कायदा झाला आणि मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सभासद ठरला. तेव्हा जुन्या गावकरीपासून ‘जमीन एकाची, परंतु काळजी सर्वांची’ हा विचार घ्यावयाचा, आणि ‘सर्वांची’ याचा अर्थ मात्र आज खरोखर सर्वांची असा करावयाचा.

३. गाव वाढते तेव्हा

२००१ च्या जनगणनेत गोव्याची जवळजवळ निम्मी लोकसंख्या शहरी होती. २०११ मध्ये हे प्रमाण शेकडा ६२ झाले. ही माणसे सगळीच पणजी, मडगाव, म्हापसा येथे राहावयास गेली असे नव्हे. पुष्कळ ठिकाणी माणूस होता तेथेच राहिला आणि त्याचे गावच शहर झाले. लोकवस्ती पाच हजारांवर गेली, दाटी दर चौरस किलोमीटरला चारशेवर पोचली, आणि कामकरी पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेरच्या धंद्यात गेले, की जनगणना त्या गावाला शहर म्हणते. परंतु कारभार पंचायतीकडेच राहतो. शहराची गर्दी आणि गावाची साधने, अशी ती अवस्था होते. कचरा वाढतो, सांडपाणी वाढते, वाहने वाढतात. गटार आणि रस्ता मात्र आजोबांच्या वेळचाच.

अशा वेळी ‘गाव वाढू देऊ नये’ असे म्हणणे सोपे, परंतु ते न्यायाचे नाही. मुले मोठी होतात, त्यांचे संसार होतात, त्यांना घरे लागतात. प्रश्न असा, की जागा किती लागेल? येथेही भावनेपेक्षा गणित बरे. समजा, एका गावात ६०० कुटुंबे आहेत आणि पुढील दहा वर्षांत आणखी २०० घरे लागतील असा अंदाज आहे. प्रत्येक घराला २०० चौरस मीटर जागा धरली, तर ४० हजार चौरस मीटर, म्हणजे ४ हेक्टर होतात. वाटा, गटारे, मैदान यांसाठी आणखी २ हेक्टर धरा. एकूण ६ हेक्टर झाले. आता आराखड्यात त्या गावात वस्तीसाठी ४० हेक्टर जागा दाखविली असेल, तर उरलेले ३४ हेक्टर कोणासाठी, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रहिवाशास आहे. उलट ६ हेक्टरांची गरज असताना २ हेक्टरच दाखविले असतील, तर गरीब माणूस चोरून शेतात घर बांधील आणि जन्मभर नोटिशीच्या भीतीत राहील. नियोजनात जास्त दाखविणे ही जशी चूक, तशी कमी दाखविणे हीही चूकच.

४. प्रादेशिक आराखड्याचा धडा

गोव्यात १९७४ चा नगर आणि ग्राम नियोजन कायदा लागू आहे आणि त्याखाली सबंध राज्याचा प्रादेशिक आराखडा तयार केला जातो. २०११ सालापर्यंतचा आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. त्यात शेती, बागायती व डोंगरउतार यांचे मोठे क्षेत्र वस्तीखाली दाखविले आहे, अशी तक्रार गावोगाव उठली. गोवा बचाव अभियानाच्या नावाने डॉक्टर, वास्तुविशारद, शेतकरी, विद्यार्थी असे सर्व थरांतील लोक एकत्र आले, डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला.

त्यानंतर २०२१ पर्यंतचा नवा आराखडा तयार करण्यासाठी एक कृती दल नेमण्यात आले. नामवंत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया हे त्याचे उपाध्यक्ष होते. २००८ साली मसुदा प्रसिद्ध झाला. जंगले, पाण्याच्या जागा, खाजने वगैरे नाजूक जमिनींचे निराळे वर्ग त्यात पाडले होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक गावाचा नकाशा त्या त्या पंचायतीकडे पाठविण्यात आला. ग्रामसभांनी समित्या नेमाव्यात, नकाशा गावात फिरून तपासावा, आणि दुरुस्त्या कळवाव्यात, अशी योजना होती. एका राज्यातील गावोगावच्या सामान्य माणसांनी स्वतःच्या गावाच्या नकाशावर पेन्सिल चालविली, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे तालुकावार हा आराखडा २०१० व २०११ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा अनेक गावांनी तक्रार केली, की आम्ही कळविले एक आणि छापून आले दुसरेच. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि आराखडा स्थगित ठेवण्यात आला. २०२३ साली मूळ कायद्यात कलम १७ (२) घालण्यात आले. त्याखाली एखाद्या भूखंडापुरता आराखड्यातील वापर ‘दुरुस्त’ करून देता येत असे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्दबातल ठरविले. कोणाची बाजू बरोबर हे ठरविणे न्यायालयांचे काम आहे. आपण घ्यावयाचा धडा एवढाच, की एकदा नकाशा करून दिला म्हणजे काम संपले असे होत नाही. सबंध गावाने बसून केलेला नकाशा एकेका भूखंडाने बदलू शकतो. म्हणून नकाशाला जागता राखणदार हवा, आणि तो ग्रामसभेवाचून दुसरा कोणी असू शकत नाही.

५. आमच्या समितीची चूक

२००८ साली मी अठ्ठावीस वर्षांचा, नुकताच बी. एड्. झालेला शिक्षक होतो. आमच्या ग्रामसभेने नऊ जणांची समिती नेमली, आणि मास्तरांना नकाशा वाचता येतो म्हणून मला तिचा लेखनिक केले. आम्ही आठवड्यातून दोनदा रात्री सात वाजता पंचायतीच्या सभागृहात बसत असू. सर्व्हे नंबर लावले, रंग तपासले, रस्त्यांच्या रुंदीवर वाद घातले, आणि महिन्याभरात स्वच्छ अक्षरात अहवाल लिहून दिला. त्या अहवालाचा मला अभिमान वाटत असे.

दोन वर्षांनी आमच्या शेजारची एक वृद्ध आजी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “मास्तर, तुमच्या नकाशात सगळ्यांची घरं आहेत म्हणे. मग आमची झर कुठे आहे?”

मी कपाटातली प्रत काढून पाहिली. झर नव्हती. झरीकडे जाणारी पायवाटही नव्हती. मसुद्यात तो उतार वस्तीखाली दाखविला होता आणि आम्ही त्यावर ‘हरकत नाही’ असे लिहिले होते. खाली माझी सही होती. त्या जागेच्या नव्या मालकाने कुंपणाची भिंत घातली होती. कागदोपत्री त्याचा काहीच दोष नव्हता. वाट कोठेही नोंदलेली नव्हती. नळाला पाणी नसेल त्या दिवशी वरच्या वाड्यावरील बायकांना घागर घेऊन रस्त्याने वळसा घालावा लागू लागला, आणि कपडे धुवावयास तर जागाच उरली नाही.

ही चूक कशी झाली, याचा मी पुष्कळ विचार केला. आम्ही नऊही जण पुरुष होतो. झरीवर पाणी भरावयास आमच्यापैकी कोणी जात नव्हता. सभेची वेळ रात्री सातची, म्हणजे घराघरांत चूल पेटण्याची. कोणत्याही बाईला आम्ही येऊ नका असे म्हटले नव्हते. परंतु येता येईल अशी वेळही ठेवली नव्हती. दार उघडे ठेवणे आणि आमंत्रण देणे यांत फरक आहे, हे मला बी. एड्. च्या वर्गात कोणी शिकविले नव्हते. ते त्या आजीने शिकविले.

नंतर मी सातवीच्या मुलांना घेऊन एक उपक्रम केला. प्रत्येकाने आपल्या आईला वा आजीला विचारून घराजवळील पाण्याच्या जागा लिहून आणावयाच्या: विहीर, झर, तळी, व्हाळ, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, तेथे कोणत्या वाटेने जातात. दोन रविवारी आम्ही ते सारे फिरून पाहिले. सरकारी नकाशात आमच्या गावात पाण्याच्या सात जागा होत्या. मुलांच्या यादीत एकतीस निघाल्या. ती यादी सर्व्हे नंबरांसह ग्रामसभेपुढे ठेवून ठराव झाला. भिंतीचा मालक भला माणूस निघाला. त्याने स्वखुशीने तीन हात रुंदीची वाट सोडली. परंतु तो भला नसता तर आमच्या हाती काय होते? गावाची सोय एकाच्या भलेपणावर अवलंबून ठेवणे, याला नियोजन म्हणत नाहीत.

६. करावयाची रीत

या अनुभवावरून जी रीत मला योग्य वाटते, ती क्रमाने देतो.

पहिली पायरी, नकाशा मिळविणे. गावाचा सर्व्हे नकाशा, फॉर्म एक व चौदाचे उतारे, आणि आराखड्यातील गावाचे पान, ही तीन साधने हाताशी हवीत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने वस्त्यांची मोजणी करण्याचे तंत्र आले आहे. ते उपयोगी खरेच. परंतु झाडाखालची झर ड्रोनला दिसत नाही आणि कोणती वाट कोणाची वहिवाट आहे हे त्याला सांगता येत नाही.

दुसरी पायरी, शिवारफेरी. नकाशा हातात घेऊन गाव चालावे. एक फेरी पावसाळ्यात करावी व एक उन्हाळ्यात. कारण पाणी कोठे तुंबते ते जुलैत कळते आणि कोठे आटते ते मे महिन्यात. बरोबर शेतकरी, गुराखी, पाणी भरणाऱ्या बाया आणि शाळेतील मुले असावीत.

तिसरी पायरी, मोजदाद. कुटुंबे किती, बंद घरे किती, भाड्याने राहणारे किती, पुढील दहा वर्षांत घरे किती लागतील, हे वर दाखविल्याप्रमाणे मांडावे. भाडेकरू व कामगार यांची गणती टाळू नये. त्यांचे मत आपल्या यादीत नसेल, परंतु त्यांचे सांडपाणी आपल्याच व्हाळात येते.

चौथी पायरी, वाड्यावाड्यांतील बैठका. सगळे गाव एका सभेत बोलत नाही. तेथे मोठ्या आवाजाची माणसे बोलतात. प्रत्येक वाड्यावर निराळी बैठक घ्यावी, आणि स्त्रियांची बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी घ्यावी. वृत्तांतात ‘चर्चा झाली’ असे न लिहिता कोणी काय सांगितले ते लिहावे.

पाचवी पायरी, मसुदा उघड्यावर लावणे. शाळा, बाजार, देऊळ, मशीद, चर्च, बसथांबा, जेथे माणसे थांबतात तेथे नकाशा टांगावा, आणि महिनाभर हरकती लेखी घ्याव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे लिहून घेण्यासाठी शाळेतील मोठी मुले बसवावीत.

सहावी पायरी, ठराव. गोव्यात ग्रामसभेच्या सर्वसाधारण बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील रविवारी होतात. ठरावात मोघम भाषा नसावी. ‘गावचे हिरवेपण राखावे’ असा ठराव कचेरीत कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ‘अमुक सर्व्हे नंबरातील तळी व तिच्याभोवतीची जागा मोकळी राखावी, कारण अमुक वाड्याचे पावसाचे पाणी तेथे उतरते’ असा ठराव उपयोगी पडतो. पोच घ्यावी व प्रत जपून ठेवावी.

सातवी पायरी, पाठपुरावा. दरवर्षी एका ग्रामसभेत नकाशा पुन्हा उघडावा, आणि कोठे सनद मिळाली, कोठे भराव पडला, कोठे बांध ढासळला, याचा हिशेब घ्यावा.

ही रीत माझ्या कल्पनेतली नव्हे. केरळात कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी या पंचायतीत १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत स्वयंसेवकांनी गावातील जमीन, पाणी व साधने यांचे नकाशे केले. १९९६ साली त्या राज्यात लोकयोजना सुरू झाली तेव्हा असा अनुभव कामी आला. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली, शेतीसाठी विंधन विहिरींना मनाई केली, आणि जमीन बाहेरच्यास विकू नये असा निर्णय घेतला. तेथील पाऊस आपल्या पावसाच्या पासंगालाही पुरत नाही. जे थोड्या पाण्यावर जमले, ते भरपूर पाण्यावर जमू नये असे नाही.

७. ज्याची जमीन त्याचे काय?

येथे एक प्रामाणिक प्रश्न राहतो. समजा, रस्त्याकडेचे एक शेत ‘शेतच राहावे’ असे गावाने ठरविले. शेजारच्या भूखंडाला लाखो रुपये येतात आणि या शेतकऱ्याला भाताचे चार दाणे. गावाचे पाणी वाचले. परंतु मुलीचे लग्न, आईचे आजारपण यांचा खर्च त्याने कोठून करावा?

हा प्रश्न मी दुसऱ्याच्या तोंडी घालीत नाही. असे एक शेत आमच्याच घरचे आहे. समितीत त्याचा विषय निघाला तेव्हा ‘ही आमची जमीन आहे’ असे सांगून मी सभागृहाबाहेर जाऊन बसलो. समितीने ते शेत राखावे असे लिहिले. घरी आलो तर थोरले भाऊ म्हणाले, “गावाला शहाणपण शिकवलंस, ते ठीक. पण घरच्या पोटावर पाय आला, त्याचं काय?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी दोन महिने माझ्याशी धड बोलणे टाकले होते. त्यांचे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही.

कायदा काही ठिकाणी स्पष्ट आहे. कूळ कायद्याने कुळास मिळालेली शेतजमीन बिगरशेती कामास वापरण्यास १९९१ च्या कायद्याने बंदी घातली आहे. परंतु बंदी म्हणजे न्याय नव्हे. ज्याची जमीन गावाच्या भल्यासाठी राखली जाते, त्याचे गावावर ऋण असते. ते फेडण्याचे मार्ग आहेत. बांध व पाट यांची दुरुस्ती पंचायतीने आधी करावी. कुळांचे संघ जागते ठेवावेत. यंत्रे सामाईक घेऊन लागवडीचा खर्च उतरवावा. अशा घरातील मुलास घर हवे असेल, तर गावठाणाजवळच्या जागेत त्याचा पहिला विचार व्हावा. आणि गावाने नाही म्हणावयाचे तर सर्वांना सारखेच म्हणावे. गरिबाच्या शेताला नियम आणि श्रीमंताच्या शेताला दुरुस्ती, असे झाले की नकाशावरचा विश्वास उडतो.

८. आपल्या ट्रस्टकडून अपेक्षा

शेवटी आपल्या सभासदांना दोन शब्द. गाव वाढले की शेवटच्या विसाव्याची जागा अपुरी पडू लागते, मग ते कबरस्तान असो, स्मशान असो वा सिमेतरी. ती जागा गरज पडल्यावर शोधू गेले, तर सभोवती घरे झालेली असतात आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत वितुष्ट येते. दहा वर्षे आधी, कोणावरही प्रसंग आलेला नसताना, सर्व समाजांनी एकत्र बसून या जागा नकाशात दाखविल्या, तर ज्या वादाने पुढे गाव दुभंगते तो वाद जन्मालाच येत नाही. हे काम एका समाजाने एकट्याने मागावयाचे नव्हे. शेजाऱ्याची जागा मी मागावी आणि माझी त्याने, यात शोभा आहे.

आपल्या ट्रस्टने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या, आजाऱ्यांना मदत केली. आता एक लहानसे काम आणखी अंगावर घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. सभासद ज्या ज्या गावांत राहतात, तेथील सर्व्हे नकाशाची एक मोठी प्रत काढून शाळेत लावावी, आणि उतारा कसा वाचावा, हरकत कशी लिहावी, याचा वर्षातून एक दिवसाचा वर्ग भरवावा. खर्च थोडा आहे, आणि शिकवावयास मी व माझे सहकारी आनंदाने येऊ.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर जगाच्या नकाशाशेजारी मुलांनी काढलेला गावाचा नकाशा लावला आहे. त्यात रेघा वाकड्या आहेत, प्रमाण चुकले आहे. परंतु एकतीसही पाण्याच्या जागा आहेत. त्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या झरीला मुलांनी निळा रंग दिला आहे आणि तिच्याकडे जाणारी तीन हातांची वाट तांबड्या रेघेने दाखविली आहे. नवा वर्ग आला, की नकाशाचा पहिला पाठ मी तेथूनच सुरू करतो.